हरिभाऊंच्या मुलखातली आठवी

हरिभाऊ कुणाला भेटले की 'राम राम' नाही, 'पाऊसपाणी काय म्हणतं' नाही. सायकल भिंतीला टेकवायची, खाकी शर्टाच्या बाहीनं घाम पुसायचा आणि पहिला प्रश्न, "काय मंग, तुमच्या गावात भूत कोनतं हाय?"

मलाही त्यांनी हेच विचारलं. मी शाळेवर नवी नवी रुजू झाले होते, बुलढाण्याहून आलेली, डोक्यावर पदर आणि पदराखाली पुष्कळ ताठा. मी म्हटलं, "आमच्याकडे भुतंबितं काही नाहीत."

"अरे बाप्पा!" हरिभाऊंना खरोखर वाईट वाटलं. "मंग तती लोकायनं भ्यावं कोनाले?"

हे हरिभाऊ म्हणजे आमच्या गावच्या गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर. गाव सुलतानपूरच्या वाटेवरचं, लोणारचा खारा तलाव जवळ. डॉक्टर असायचे दुसऱ्या गावी आणि यायचे त्यांना वाटेल तेव्हा, म्हणून दवाखाना हरिभाऊंचाच. बैलाच्या घशात कोपरापर्यंत हात घातलेला असायचा आणि तोंडानं मालकाची उलटतपासणी चालायची. वडावर कोण बसतं? ओढ्यात कोण राहतं? त्याचे पाय उलटे का सुलटे? मालकानं चांगलं भूत सांगितलं तर औषधाचा डोस सढळ. बैल बरा झाला की मालक खूश, भूत मिळालं की हरिभाऊ खूश, आणि बैलाला कोणी विचारत नव्हतं.

एवढी भुतं गोळा करून हा माणूस करतो काय, असं मला वाटायचं. तर त्यांचा ते खेळ करत. खेळाचं नाव 'मुलूख'. आता अशा खेळांना इंग्रजीत नाव आहे म्हणतात, पेट्या मिळतात, माझा नातू सांगतो. हरिभाऊंना पेटी ठाऊक नव्हती. त्यांच्याकडे एक धोतर होतं.

हा खेळ एकदा मोडायला आला होता, आणि चूक सर्वस्वी हरिभाऊंची होती. पण त्यांना खेळ मोडल्याचं तेवढं दुःख नव्हतं. एका म्हातारीची गेलेली लेक आपल्या हातून दुसऱ्यांदा गेली, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. ते सांगायचं तर आधी धोतर सांगायला हवं.

धोतर त्यांच्या लग्नातलं. त्याच्यावर हरिभाऊंनी निळीनं तलाव काढला होता, गेरूनं डोंगर, काजळानं रस्ते. निळीचा तलाव असल्यामुळे ते धोतर कधी धुता येत नसे. गोदाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्यासारख्या कोणी नव्या दिसल्या की धोतराचं एक टोक दोन बोटांत धरून दाखवत. "माह्या बापानं नेसवलं होतं माय, पाच भावकीच्या देखत. त्याच्यावर यायनं तलाव सांडला."

"तलाव सांडला नाई, वसवला," हरिभाऊ म्हणत. "आपन काय कमी राज्यं पाह्यली? आधी मध्यप्रदेश, मंग मुंबई राज्य, आता महाराष्ट्र. खाटेवरून न उठता तीन राज्यायत राहून झालं. कोनं इचारलं का आपल्याले? मंग चवथं म्या माह्यं केलं."

रविवारी दुपारी दवाखान्याच्या ओसरीवर हे चवथं राज्य अंथरलं जाई. खेळणाऱ्यानं एक सोंग घ्यायचं. कोणी सरदार, कोणी फकीर, कोणी चोर. आपल्या सोंगाची खूण म्हणून काहीतरी धोतरावर ठेवायचं, बोराची बी, शर्टाचं बटण, जे असेल ते. मग हरिभाऊ डोळे मिटून सुरू करत. "तू आता पिंपळाखाली आला. वर मुंजा बसला हाय. तुह्याकडंच पाहून राह्यला. बोल, काय करतं?" समोरचा म्हणे, मी पळतो. मग पळणं जमतं का नाही ते पाच कवड्या टाकून ठरायचं. उताण्या जास्त पडल्या तर जमलं, पालथ्या पडल्या तर फसलं. कोणी रडीला आला की हरिभाऊंचं ठरलेलं, "मले इचारू नका. कवडीले इचारा."

तलावात पडला तो मेला. त्यानं उठून सगळ्यांसाठी चहा सांगायचा. मोठे मोठे मिशाळ बाप्ये तलावाच्या काठाकाठानं काय जपून चालायचे!

मी खेळत नसे. गोदाकाकूंबरोबर पलीकडे ज्वारी निवडत बसायची आणि ज्वारीत खडे राहून जायचे.

हरिभाऊंचा एक मोठा दोष म्हणजे कालचं आज काही राहायचं नाही. गेल्या रविवारी खवीस डोंगरावर होता, या रविवारी तो बाजारात गूळ घेताना सापडायचा. मुंजा कधी बटू असे, कधी त्याला लग्न करायची घाई झालेली असे. कोणी म्हटलं, हरिभाऊ, मागं तुम्ही वेगळं सांगितलं होतं, तर हरिभाऊ बिनदिक्कत म्हणत, "कालचा मुलूख काल. आज रस्ता बदलला."

एकदा त्यांचे साहेब तपासणीला आले. बस चुकली, दुपार कशी काढायची म्हणून खेळायला बसले. हरिभाऊंनी त्यांच्यापुढं खवीस उभा केला. त्या खविसाला तपकिरीचं व्यसन होतं, तो प्रत्येक वाक्याला 'असं कसं, असं कसं' म्हणायचा आणि त्याला बसायला खुर्ची लागायची. आम्ही सगळे धोतराकडे पाहत बसलो, वर पाहायची सोय नव्हती. साहेबांनी तपकीर ओढली, "असं कसं, असं कसं?" म्हणाले आणि तलवारीनं खविसाचे दोन तुकडे केले. जाताना हरिभाऊंच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "माणूस फार नालायक होता तो." हरिभाऊ म्हणाले, "हाव साहेब."

अमीनचाचा बैलांचे दलाल. त्यांनी हरिभाऊंना मोठ्या विश्वासानं आपल्या आजोबांनी पाहिलेला जिन दिला. पुढच्याच रविवारी तो जिन तलावाकाठी भाकरीवर ठेचा घेऊन बसलेला निघाला. अमीनचाचांनी कवड्या खाली ठेवल्या. "हरिभाऊ, अपना जिन ठेचा नै खाता. इत्र लगाता, मिठाई खाता."

"चाचा, वऱ्हाडात आला तं खाईन का नाई? किती दिवस मिठाई खाईन?"

"अरे पन जिन हमारा है!"

"भुताले मालक नसते, चाचा," हरिभाऊ म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. "पटवाऱ्याकडं जा, पाहा कोनाच्या नावावर निंघते तं." शेवटी तडजोड झाली. जिन मिठाई खाईल, पण तोंडी लावायला मिरची घेईल. चाचा खेळायला यायचे थांबले नाहीत, पण जिनाच्या जेवणाकडे त्यांचं बारीक लक्ष असे.

आता गयामाय. तिचा मळा दवाखान्याच्या मागेच, मुलगा केशव वांगी-मिरची पिकवायचा. गयामाय तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. रोज सकाळी टोपलीभर भाजी गोदाकाकूंच्या दारात ओतायची आणि हरिभाऊंना ऐकवायची, "काऊन हो कंपोंडर, ढोरायले दवा देता का ढोरायच्या भुतायले?" केशव खेळात सरदार होता. म्हातारी रविवारी त्याला हाकलत न्यायला यायची, "चाल बे सरदारा, मिरची सुकून राह्यली."

तिची लेक गंगी. नऊ-दहा वर्षांची असताना विहिरीवर पाण्याला गेली आणि पडली. गावानं म्हटलं, आसरांनी नेली. आमच्याकडे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणींना आसरा म्हणतात, पाण्यात कोणी बुडालं की असंच म्हणतात. म्हणणाऱ्यांनी म्हटलं आणि विसरले. गयामायनं ते शब्दशः धरलं. नेली म्हणजे मेली नाही, त्यांच्यात राहायला गेली. विहिरीच्या काठाला सात शेंदरी दगड होते, त्यांच्या शेजारी तिनं एक आठवा लहानसा मांडला. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दहीभात आणि आठ ओट्या. आठव्या ओटीतल्या बांगड्या ती दर वर्षी थोड्या मोठ्या मापाच्या घ्यायची. कासारानं विचारलं तर म्हणायची, "पोट्टी वाढत नाई का?"

हे हरिभाऊंना ठाऊक नव्हतं. सगळ्या पंचक्रोशीची भुतं ठाऊक, आणि घरामागच्या विहिरीवर काय आहे ते ठाऊक नाही! रोज भाजी देणारीला कोणी भुतं विचारत नाही, ती घरचीच. त्यांनी लांबच्या कुठल्या गावाहून आसरा आणल्या आणि आपल्या तलावात सोडल्या. आता हरिभाऊंनी आणलेल्या म्हणजे त्यांचे दात हिरवे, नखं वीतभर, आणि काठावर आलेल्याचा पाय धरून ओढणाऱ्या.

त्या रविवारी केशवच्या सरदाराचा पाय आसरांनी धरला. केशव घामाघूम. कवड्या टाकल्या, पाचच्या पाच उताण्या! "मारली!" केशव ओरडला, "येक आसरा मारली! तलवारीनं मुंडकं..." अमीनचाचांनी मांडीवर थाप मारली, हरिभाऊ उठून नाचायलाच लागले.

गयामाय पायरीवर उभी होती, केशवला न्यायला आलेली.

"कोनाले मारलं रे?"

केशवचा चेहरा पांढरा पडला. खेळ असा असतो, माणूस सरदार होतो आणि भाऊ आहे हे विसरतो. हरिभाऊंनाच हौस, "आसरेले मारलं, गयामाय! तलवारीनं!"

"कितवीले?"

हरिभाऊंना वाटलं, म्हातारीला गोडी लागली. "आता कितवी म्हना... धाकटी असंन!"

गोदाकाकूंनी सूप खाली ठेवलं. मग केशवनं खाली मान घालून दोन वाक्यांत काय ते सांगितलं, आणि हरिभाऊ धोतरावरच्या कवड्यांकडे पाहत राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून, सवयीनं, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मले ठाव नोतं गयामाय... म्या म्हटलं, भुताले मालक नसते..."

"भुताले मालक नसंन, कंपोंडर," ती म्हणाली, "पन माह्या लेकीले माय हाय."

आणि गेली. केशव मागोमाग गेला. दुसऱ्या दिवशी भाजी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गोदाकाकूंनी सकाळी बेसन केलं आणि संध्याकाळी बेसन केलं, आणि हरिभाऊंनी ते एक शब्द न काढता खाल्लं. धोतर ट्रंकेत गेलं. हरिभाऊ बैलाच्या घशात हात घालायचे आणि गप्प राहायचे. लोक काळजीत पडले. एका शेतकऱ्यानं तर आपण होऊन एक चांगली हडळ देऊ केली, तेव्हा हरिभाऊ म्हणाले, "राहू दे बाप्पा. तिचंही कोनी असंन." मला तो माणूस तेव्हा पहिल्यांदा आवडला, खरं सांगते.

आखाजीला गोदाकाकू म्हणाल्या, "चाला, मी येतो संगं." आमच्याकडच्या बायका 'मी येतो' असंच म्हणतात, पुण्याचं कोणी हसलं तर हसू दे. मलाही ओढून नेलं. गयामाय विहिरीवर शेंदूर लावत होती. हरिभाऊ लांबच चपला काढून उभे राहिले.

"गयामाय," शेवटी म्हणाले, "चुकलं माह्यं. त्यायले मी मुलखातून काढून टाकतो. सारं पुसून टाकतो."

मला वाटलं, मिटलं. तर म्हातारी गर्रकन वळली, हाताला शेंदूर तसाच. "पुसता? येकडाव इहिरीनं नेली, येकडाव केशवनं मारली, आता तुमी पुसता? गावात तिचं नाव कोनी काढत नाई. तुमच्या त्या फडक्यावर ती व्हती हे तं बरंच व्हतं! कशी व्हती त्याचं भांडन हाय माह्यं!"

हरिभाऊंनी मग आयुष्यात पहिल्यांदा भुताबद्दल योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला. "मंग कशी पाह्यजे? तुमी सांगा."

"येतो रविवारी," गयामाय म्हणाली, आणि आठव्या दगडाला कुंकू लावायला लागली.

रविवारी आली ती सरळ धोतरावर येऊन बसली, खविसाच्या डोंगरावरच. हरिभाऊंनी विचारलं, "कोनतं सोंग घेता?"

"माय."

"मायचं सोंग नाई मुलखात."

"येवढा मुलूख केला न माय नाई केली? करा आता."

खूण म्हणून तिनं कनवटीची एक लहानशी हिरवी बांगडी काढून धोतरावर ठेवली. गंगी गेली त्या वर्षीच्या मापाची. मग खेळ सुरू झाला, आणि असा खेळ मी पाहिला नाही. मुंजा आडवा आला तर त्याला म्हणाली, "जेवला का रे लेकरा?" चकव्यानं वाट चुकवली तर खाली बसली, तंबाखू मळली आणि म्हणाली, "तूच दमशीन, मले घाई नाई." खविसाला तिनं शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येत नाहीत, केशवनं कानावर हात ठेवले. कवड्या पालथ्या पडोत की उताण्या, म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. हरिभाऊंची 'कवडीले इचारा' म्हणायची प्राज्ञा नव्हती.

बांगडी तलावाशी आली. निळीच्या गोलात हरिभाऊंनी काजळाचे ठिपके काढले होते. आठ. म्हातारीनं बोट ठेवून मोजले.

"तलाव आला," हरिभाऊ हळूच म्हणाले. "त्या बसल्या हायत."

"काय करून राह्यल्या?"

हरिभाऊंनी कवड्या उचलल्या आणि खिशात घातल्या. "इथं मले इचारू नका. कवडीलेही नाई. तुमीच सांगा."

गयामाय त्या निळ्या डागाकडे वाकली.

"वेनी घालून राह्यल्या," ती म्हणाली. "मोठी हाय ना, ती तिची वेनी घालून राह्यली. तिचे केस लय दाट व्हते. मले रोज घाई राहे, मी ओढू ओढू घालो. ती हळू घालते." मग हरिभाऊंकडे वळून, एकदम खणखणीत, "आन आयका कंपोंडर. त्या कोनाले ओढत नाईत. पडलेल्याले धरतात. म्हनून तं आसरा म्हनतात त्यायले! येवढं शिकले न येवढं कळत नाई?"

अमीनचाचांनी खांद्यावरचा रुमाल डोळ्यांना लावला. मी मास्तरीण, मला व्याकरण येतं, आसरा हा शब्द अप्सरांवरून आलेला हे ठाऊक, तरी मीही रडले. गयामाय मात्र गुडघ्यावर हात टेकून उठली. बांगडी उचलू लागलेल्या हरिभाऊंना म्हणाली, "राहू द्या तिथंच काठावर. मी काय रोज येऊ? चाल बे सरदारा, मिरची सुकून राह्यली."

दुसऱ्या दिवशी वांगी आली. तलावात पडून मरणं त्या दिवसापासून बंद झालं, त्यामुळे चहाही बंद झाला, आणि त्याबद्दल पुष्कळांनी कुरकुर केली.

पुढे हरिभाऊंची बदली झाली, मग माझी. हरिभाऊ रिटायर होऊन देऊळगाव राजाला राहतात, एवढं कानावर होतं. पुष्कळ वर्षांनी तिथं बालाजीच्या दर्शनाला गेले, तर गल्लीतल्या एका ओट्यावर चारपाच पोरं घोळका करून बसलेली आणि मधून ओळखीचा आवाज, "मले इचारू नका!"

धोतर नव्हतं, पलंगाची चादर होती. गोदाकाकूंनी धोतर शेवटी धुतलं म्हणे. बाकी सगळा मुलूख बदललेला. खवीस एसटीचा कंडक्टर झाला होता आणि सुट्टे मागत होता. जिन निव्वळ ठेच्यावर आला होता, अमीनचाचा नव्हते ना लक्ष ठेवायला. मी बाजूला उभी राहून पाहत होते. एका मुलीच्या कवड्या पालथ्या पडल्या आणि ती तलावात गेली.

"मी मेले, आजोबा?"

"पान्यात पडलेलं मरत नाई इथं. धरलं तुले त्यायनं. मोज किती जनी हायत."

"आठ." मुलगी विचारात पडली. "पन सातच असतात ना? माही आजी सात म्हनते."

"तुह्या आजीचं बराबर हाय," हरिभाऊ म्हणाले. "आठवी गयामायची हाय."

तेव्हा त्यांना मी दिसले. ओळखलं लगेच. "मास्तरीणबाई! बुलढान्यात भूत सापडलं का येखांदं?" मग चादरीवरच्या तलावाच्या काठाकडे पाहत म्हणाले, "म्हातारी कशी हाय?"

चादरीच्या निळ्या काठावर ती लहानशी हिरवी बांगडी होती. मी सांगितलं, गेल्या हिवाळ्यात गेली, झोपेतच, केशवचं पत्र आलं होतं.

पोरं चुळबुळ करायला लागली. हरिभाऊंनी वाकून बांगडी काठावरून उचलली, पाण्यात नेली आणि आठव्या ठिपक्याभोवती ठेवली. तिथं ती बरोबर बसली. दोन बोटांनी जरा सारखी केली.

"कोनाची पाळी?" ते म्हणाले, आणि कवड्या त्या मुलीच्या हातात दिल्या. "हं, बोल. काय करतं?"